पानाखालचं नाव

मला एका माणसाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं: ‘चूक माझी आहे.’ त्यासाठी मी आमच्या कंपनीचं सगळंच्या सगळं डॉक्युमेंटेशन सुधारलं. लोकांना वाटतं मी ते कामाच्या ओढीने केलं. वाटू दे.

आमची कंपनी अंधेरीला, एमआयडीसीत. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंट आला, नमुना घेतला, बाटलीवर लेबल लागलं, रिपोर्ट निघाला, हे सगळं आमच्या स्क्रीनवर होतं. कुठलं बटण कशासाठी आणि ते कधी दाबायचं हे लिहायचं काम माझं. पार्ल्यात आमच्या बिल्डिंगमधले काका अजूनही समजतात की मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. मी त्यांना समजावणं सोडून दिलं आहे. आमचं लिखाण वाचणारी मुलगी काउंटरवर उभी असते, तिच्यासमोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असते, आणि त्या रांगेत कुणीतरी आवाज चढवलेला असतो. तिला चार ओळींत पुढचं कळलं पाहिजे. मला हे काम मनापासून आवडतं.

लिहिणाऱ्या आम्ही दोघी होतो. दुसरी माझी मैत्रीण. ती जोगेश्वरीची. आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले, वडील नोकरीतून रिटायर झालेले, घरात मालवणी, ऑफिसात मुंबईची मराठी. रागावली किंवा दुखावली की तिची मालवणी बाहेर यायची. वाक्य लिहायला ती माझ्यापेक्षा हळू होती, पण तिचं पान वाचून कुणी फोन केला असं क्वचितच व्हायचं.

आणि आमच्यावर तो. प्रॉडक्टचा हेड. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही. मुलुंडहून गाडीने यायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि नवीन कुणी आलं की आमची ओळख करून द्यायचा, “हे आपलं टायपिंग डिपार्टमेंट.” सगळे हसायचे. आम्हीही हसायचो, कारण नाही हसलं तर ‘जोक कळत नाही का?’ म्हणून पुन्हा हसायचे.

आमची पानं तेव्हा वर्डच्या फायलींत असायची. फाइल त्याला मेल करायची, त्याने वाचून मंजूर करायची, मग ती ग्राहकांना जायची. त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत यायचं: ‘छान. पुढे जा.’ तो फाइल उघडत नाही हे आम्हाला माहीत होतं. एकदा मी चुकून सोसायटीच्या टाकी-सफाईची नोटीस जोडून पाठवली होती. तीही छान होती, तिलाही पुढे जायला परवानगी मिळाली.

आता जे झालं ते सांगते. आपल्याकडे बाईची दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात. त्यामुळे लॅबमध्ये एकाच बाईच्या दोन नोंदी सापडतात, लग्नाआधीची एक आणि नंतरची एक, आणि काउंटरवरच्या मुलींना त्या जोडून एक करायला लागतात. म्हणून ‘दोन नोंदी एकत्र करणे’ हे आमचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान. ते मैत्रिणीने लिहिलं होतं. पहिल्या पायरीच्याही आधी तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत, नाव सारखं दिसलं तरी मधलं नाव आणि वय आधी तपासा.

त्याने हे पान स्क्रीनवर जाता जाता पाहिलं. कॉफी मशीनपाशी आम्ही दोघी उभ्या होतो, तिथे येऊन तिला म्हणाला, “ती वरची ओळ काढ यार. मॅन्युअल वाचून कस्टमर घाबरतो.”

“सर, घाबरलाच पाहिजे तिथे,” ती म्हणाली. “परत नाही येत डेटा.”

“काढ म्हटलं ना.”

तिने काढली.

मग बोरिवलीच्या एका लॅबमध्ये एक सासू आणि एक सून आल्या. दोघींचं पहिलं नाव एक. मुलाने बायकोचं नाव बदलायला नकार दिला होता, चांगलंच केलं होतं. आडनाव एक, पत्ता एक, मोबाइल नंबरही एक, त्या मुलाचा. फरक फक्त मधल्या नावात आणि वयात. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, ही टायपिंगची चूक, एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्यात. तिने आमचं पान उघडलं, पायऱ्या केल्या, बटण दाबलं. सासूची कित्येक वर्षांची साखर पोटुशा सुनेच्या रिपोर्टात जाऊन बसली. घरात दिवसभर रडारड. शेवटी त्यांच्या डॉक्टरलाच रिपोर्टावरच्या जुन्या तारखा बघून शंका आली. कुणाला इजा झाली नाही, पण त्या घरच्यांनी लॅब डोक्यावर घेतली आणि लॅबच्या मालक डॉक्टरांनी आम्हाला फोन लावला.

मीटिंग रूममध्ये त्याने आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर फोन, स्पीकर चालू. आणखी सहा-सात माणसं भिंतीला टेकून उभी. डॉक्टर तावातावाने बोलत होते. तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, आमच्या रायटरकडून सुटलं ते. ती इथेच आहे, तिच्याशीच बोला.” आणि फोन तिच्याकडे सरकवला.

ती म्हणाली, “सॉरी डॉक्टर.”

त्याने आवाज बंद करायचं बटण दाबलं. “असं नाही. पूर्ण वाक्य बोल. चूक माझी आहे, असं म्हण.” मग बटण पुन्हा दाबलं.

तिने म्हटलं. फोन बंद झाल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, ती ओळ तुम्ही काढायला लावलीत.” त्याला रागसुद्धा आला नाही. हसून म्हणाला, “मेल दाखव.”

मेल कुठून असणार? कॉफी मशीनपाशी बोललेल्याचा मेल नसतो. महिनाअखेरीला तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते वाढवलं गेलं नाही. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी म्हणाले, तुला आठ दिवसांत दुसरी नोकरी मिळेल. ती म्हणाली, “नोकरीचा काय घेऊन बसलंस? मीच बोललंय गो ता. माझ्याच तोंडान.”

त्या रिक्षाच्या मागे बघत उभी असताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते वाक्य तिच्या तोंडातून काढून त्याच्या तोंडात घालायचं, हे मी तिथेच ठरवलं. देव, कर्म, नियती यांच्यावर मला हे काम सोपवायचं नव्हतं. ती मंडळी वेळेवर येत नाहीत.

नोकरी सोडणं सोपं होतं. मी सोडली नाही. रविवारी घरी बसून मी नवीन पद्धत शिकायला लागले. वर्ड बंद. पानं साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायची, आणि प्रोग्रामर आपला कोड ठेवतात तिथेच ठेवायची. कुणी काय बदललं, कुणी काढायला सांगितलं, कुणी मंजूर केलं, सगळं आपोआप नोंदलं जातं. मंजुरी मिळाली की पान वेबसाइटवर जातं. शिवाय पानातली बटणांची नावं आणि स्क्रीनवरची नावं जुळतात का, हे तपासणारा एक छोटा प्रोग्राम बसवला. जुळली नाहीत तर पान पुढे सरकतच नाही. हे सगळं जगात बरेच लोक करतात, मी काही शोध लावला नाही. मी फक्त त्याच्या गळ्याच्या मापाचं केलं.

कारण सोबत मी नियम लिहिले. लिहिणाऱ्याने स्वतःचं पान मंजूर करायचं नाही. मंजूर करणाऱ्याने पानावरची प्रत्येक पायरी स्वतः स्क्रीनवर करून बघायची. ज्या पानावरची चूक परत फिरवता येत नाही, ते पान प्रॉडक्टच्या हेडनेच मंजूर करायचं. लिहिणारी तेव्हा मी एकटीच उरले होते, त्यामुळे बाकीची पानंही मंजुरीला त्याच्याकडेच जाणार होती. आणि प्रत्येक पानाखाली मंजूर करणाऱ्याचं नाव आणि थेट फोन नंबर छापायचा.

मग मी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. “सर, हे माझ्याकडून गेलं तर कोण विचारणार? तुमच्या नावाने मालकांकडे जाऊ दे, वजन पडेल.” त्याला पटलं. अशा गोष्टी त्याला लगेच पटायच्या. नियमांचं पान मी रीतसर त्याला मंजुरीसाठी पाठवलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: ‘छान. पुढे जा.’

त्याने कंपनीच्या मालकांसमोर सुंदर भाषण दिलं. मी मागे बसून स्लाइड पुढे सरकवत होते. इतक्या आनंदाने मी कधी कुणाच्या स्लाइड सरकवल्या नाहीत.

नवीन वेबसाइट सुरू झाली आणि पहिला फोन सकाळीच आला. आमचं ऑफिस मोकळं, केबिन नाहीत. त्याचं टेबल माझ्यासमोर तिरपं. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, लेबलचा प्रिंटर पान म्हणतं तसं वागत नाही, आता काय करू? “तुम्ही सपोर्टला फोन करा,” तो म्हणाला. पलीकडचा म्हणाला, “साहेब, खाली तुमचं नाव आहे ना.”

तो माझ्याकडे आला. “माझं नाव कुणी टाकलं?”

“सर, तुम्हीच अप्रूव्ह केलंत.”

“कधी?”

“मेल दाखवू?” मी विचारलं.

मी मेल दाखवला.

दोन-तीन आठवडे असे फोन आल्यावर नाव काढून टाकायला तो मालकांकडे गेला. पण मालक खूश होते. सपोर्टचे फोन कमी झाले होते, लॅबवाले म्हणत होते की पहिल्यांदाच मॅन्युअल वाचून काम होतंय. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याला परत पाठवलं. मग त्याला पानं खरोखर करून बघायला लागली. मी शेजारी बसायचे. तो माउस धरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला अडायचा. “पुढे काय?” “सर, पानावर आहे तेच.” “पानावर कळत नाहीये.” “मग सर, तसं लिहा की मला कळलं नाही.” तो ते लिहायचा, आणि ते त्याच्या नावाने कायमचं नोंदलं जायचं. जेवायला बसला की फोन. मुलाच्या शाळेत गेला की फोन. तो डब्यातली भाजी गार झाल्यावर खायचा आणि मी माझी गरम खायचे.

आणि एके दिवशी मी ते ऐकलं. भांडुपच्या लॅबचा फोन होता. बराच वेळ त्याने टोलवाटोलवी केली, पलीकडचा ऐकेना, तेव्हा तो म्हणाला, “बरं, चूक माझी आहे.” मी जिन्यात जाऊन मैत्रिणीला फोन लावला. ती तोवर घाटकोपरच्या एका मोठ्या लॅबमध्ये लागली होती, तिथलं सगळं कॉम्प्युटरचं काम तिच्याकडे. सॉफ्टवेअर आमचंच.

“बोलला!” मी म्हणाले.

“कुणाला?”

“भांडुपच्या लॅबला.”

“मग मला काय त्याचं?” ती म्हणाली, आणि पेशंट आलेत म्हणून फोन ठेवला.

तिचं बरोबर होतं. मी सांगत राहिले, तू फोन कर, एखादी शंका काढ, तुझ्या कानाने ऐक. ती म्हणायची, “माका तेचो आवाजय आयकूचो नाय.” आमची पानं ती रोज वापरायची, पण खालच्या नंबरकडे बघायचीसुद्धा नाही.

पुढे जे झालं त्याने मी वेडी व्हायची बाकी राहिले. त्याला त्या वाक्याची चव लागली. चूक माझी आहे म्हटलं की समोरचा मऊ होतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो ते पहिल्या मिनिटालाच म्हणायला लागला. “चूक माझी आहे, मॅडम. मी स्वतः बघतो.” आवाज अगदी मुरलेल्या लोणच्यासारखा. वर फोन स्पीकरवर टाकायचा, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जावं. लॅबवाले मालकांना सांगायला लागले, तुमचा हेड किती मोठ्या मनाचा. वार्षिक कार्यक्रमात त्याला ट्रॉफी मिळाली, डॉक्युमेंटेशन सुधारल्याबद्दल. स्टेजवरून तो म्हणाला की माणसाने आपली चूक मान्य करायला शिकलं पाहिजे. मी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी जे वाक्य एवढं महाग होतं ते तो फुकट वाटत सुटला होता, आणि ते त्याच्या हातात मीच दिलं होतं.

ट्रॉफी आली आणि पायऱ्या करून बघणं बंद झालं. आता मी थोर माणूस, असं त्याच्या डोक्यात बसलं. मोबाइलवरून मंजुरी द्यायला लागला. त्याच सुमाराला सॉफ्टवेअरमध्ये नवीन सोय आली: चुकून एकत्र झालेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणं. पान एका नवीन मुलीने लिहिलं. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “सर, हे करून बघितलंत ना?” तो म्हणाला, “बघितलं गं. तू फार लावून धरतेस.” पान गेलं.

दुपारी जेवणाआधी त्याचा फोन वाजला. त्याने सवयीने स्पीकर लावला आणि खुर्ची मागे टेकवली.

“नमस्कार, घाटकोपरहून, लॅबमधून बोलतेय,” पलीकडून आवाज आला. मी ओळखला. त्याने नाही ओळखला, कारण तिचं बोलणं त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं. “नोंदी वेगळ्या करण्याच्या पानावर चौथी पायरी उलटी आहे. जुनी नोंद निवडा म्हटलंय, ती निवडली की रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटकडे जातात. माझ्या लक्षात आलं म्हणून मी रिपोर्ट सोडले नाहीत. लोक खोळंबलेत. तुमचा सपोर्ट फोन उचलत नाही.”

“अरेरे. चूक माझी आहे, मॅडम,” तो म्हणाला. “मी स्वतः बघतो.”

“कोणती?” तिने विचारलं.

तो हसला. “म्हणजे हीच. चौथ्या पायरीची.”

“ती आजची झाली. आधीची?”

“मला कळलं नाही, मॅडम.”

“सासू-सुनेची. बोरिवलीची. ओळ काढायला लावलीत ती.”

मी त्याचा चेहरा बघत होते. आधी तो आठवत होता, मग त्याला आठवलं. आजूबाजूला टायपिंग थांबलं. त्याचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला.

“फोन ठेवू नका,” ती म्हणाली. “आमचे डॉक्टर माझ्या शेजारीच उभे आहेत. ठेवलात तर ते तुमच्या मालकांना लावतील.”

त्याचा हात तिथेच राहिला. “तेव्हा ते… टीमचं एकूणच…”

“पूर्ण वाक्य बोला, सर.”

“ती चूक माझी होती.”

“आणि कुणाची नव्हती?”

आता त्याला तिचं नाव घ्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याला नाव आठवेना. जिला त्याने एका खोलीभर माणसांसमोर ते वाक्य बोलायला लावलं होतं, जिची नोकरी घालवली होती, तिचं नाव त्याच्या डोक्यात नव्हतंच. त्याने माझ्याकडे बघितलं. मला नाव माहीत होतं. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तोंड मिटून बसले.

“नाव…” तो फोनकडे वाकून म्हणाला, “तुमचं नाव काय, मॅडम?”

मग तिने नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. त्याने ते सगळं नाव घेऊन म्हटलं, “यांची चूक नव्हती.” त्याचे कान लाल झाले होते. कुणी हसलं नाही. त्या दिवशी कुणालाच तो जोक वाटला नाही.

“बरं,” ती म्हणाली. “आता चौथी पायरी. मी लाइनवर आहे, तुम्ही करून बघा आणि सांगा.”

तो करत राहिला, ती सांगत राहिली, माझा डबा झाला तरी ते चाललं होतं.

सूड घेतला की आत रिकामं रिकामं वाटतं, असं मला बऱ्याच शहाण्या माणसांनी सांगितलं आहे. मला तसं काही वाटलं नाही. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तो अजून तिथेच आहे, मीही आहे, आणि पायऱ्या तो आता करून बघतो.

संध्याकाळी मी पार्ल्याला न जाता जोगेश्वरीला तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. लॅबमधून येऊन तोंडही धुतलं नव्हतं. चप्पल काढायच्या आधीच तिने माझा हात धरला.

“तेचा तोंड कसा झालेला गो?”

मी सांगितलं. तोंड उघडं कसं राहिलं, कान कसे लाल झाले, हात कसा बटणावर अडकला. ती भिंतीला टेकून ऐकत होती आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं.